बाईंचं मासिक अन माझं लेकरू

बाईंना नवरा न्हवता, लेकरू न्हवतं, पर एक मासिक व्हतं, अन त्या मासिकापायी माझा नवरा रोज संध्याकाळी तेंच्या दवाखान्यात जाऊन बसायचा, म्हनून म्या बाईंवर जळायचे. हे आदीच सांगून टाकते. बाई गेल्यापासून कळंबात जो तो तेंच्याबद्दल गोडच बोलायलाय, देवमानूस म्हनायलाय, अन मला तसं लिवता यायचं न्हाय. म्या पाचवीपस्तोर शिकलेली, मांडीवर तान्ही पोरगी हाय, ती उठायच्या आत जेवढं आठवल तेवढं लिवते, मागचं फुडं झालं तर झालं.

बाई डॉक्टरीन व्हत्या. बाजाराच्या मागल्या गल्लीत दवाखाना, फुडं बाकडी, मदी तपासायची खोली, मागं तेंची राहायची खोली. अन मासिक म्हंजे गोष्टीचं न्हवं, डॉक्टर लोकांचं. कुठल्या गावात कसला ताप आला, कोन्या औषदानं गुन आला, कोन्या औषदानं न्हाय आला, हे आपल्या भागातल्या डॉक्टरांनी मराठीत लिवायचं अन बाईंनी छापायचं. डॉक्टर लोक पाकीट यष्टीच्या कंडक्टरपाशी द्यायचे. भूमची गाडी आली की बाई स्टँडवर गाडीच्या दाराशीच हुब्या. पाकीट न्हाय आलं तर कंडक्टरलाच दटावायच्या, "काय हो, झोपलेत का तुमच्या गावचे डॉक्टर?" कंडक्टर म्हनायचा, "बाई, म्या तिकिटं फाडतो, डॉक्टर उठवत न्हाय."

दिसायला काटकुळ्या. पांढरी सुती साडी, मनगटावर मर्दानी घड्याळ, अन जेवायच्या त्या हुब्यानंच, एका हातात भाकर अन दुसऱ्या हातात कागद. चहा बशीत वतायच्या अन इसरायच्या. गार झाला की दारातल्या कुंडीत वतायच्या अन दुसरा मागायच्या. त्या साली पावसानं तोंड दाखवलं न्हवतं, मांजरा नदीत लोक झिरे उकरून वाटी-वाटीनं पानी भरायलेले, गावातली झाडं वाळली, पर बाईंची कुंडी हिरवीगार. ती चहावर जगली म्हनायचे लोक.

आमचे हे खरेदी-विक्री संघाच्या छापखान्यात खिळे जुळवायला. खिळे म्हंजे शिशाची अक्षरं, एकेक उचलून वळ करायची, तीबी उलटी. दिवसभर सोसायट्यांची पावतीबुकं, कारखान्याच्या ऊसाच्या चिठ्ठ्या, जयंतीची पत्रकं, अन संध्याकाळी बाईंकडं मासिकाची प्रूफं. हे मोठ्यानं वाचायचे, बाई ऐकायच्या अन लाल पेन्सिलीनं खुना करायच्या. घरी आल्यावर जेवताना बोलनं तेच. "आज बाईंनी काविळीचा लेख अर्धा कापला." म्या म्हनावं, "मिलिंदला आज दोनदा उलटी झाली." तर "आसं व्हय" म्हनायचे अन परत काविळीवर.

शेजारच्या मामी, तेंचे मालक त्याच छापखान्यात पुस्तकं शिवायला. त्या टँकरच्या रांगंत घागर ठेवून म्हनायच्या, "तुझी सवत बरी हाय की गं. म्हैन्यातनं एकदा येती, सोळा पानाची हाय अन भाकर मागत न्हाय." समद्या बाया हसायच्या. म्याबी हसायचे, अन घरी यून चुलीपाशी रडायचे. म्या भित्री, पयल्यापासूनच. माझी पयली लेक चार म्हैन्याची हून गेली, तवापासून मिलिंद जरा निजला जास्त तरी म्या तेच्या नाकापाशी बोट धरायचे.

बाईंचं एक पालुपद व्हतं, "बघितलं, का ऐकलं?" कोनी काय सांगितलं की पयला सवाल ह्योच. एक म्हातारा आला, म्हनला, "बाई, माझ्या सुनंला बाहेरचं लागलंय." "बघितलं, का ऐकलं?" "ऐकलं." "मग सुनेला आणा, आपण बघू. ऐकलेल्याला माझ्याकडं औषध नाही." डॉक्टर लोकांनाबी तसंच. धाराशिवच्या एका नव्या डॉक्टरानं लांबलचक लेख धाडला, तर बाईंनी तेच तीन शबुद लिवून वापस पाठिवला. म्या एकदा म्हनलं, "बाई, मिलिंदला म्हशीचं दूध पचंना." "बघितलं, का ऐकलं?" म्हनलं, "आत्या म्हनत्यात." तर म्हनल्या, "तुझ्या सासूला नंतर विचारते. तू काय बघितलंस ते सांग." मला ते लई लागलं. काय बघितलं ते मला धड सांगताच आलं न्हाय, म्या घाबरून लेकराकडंच बघत राहिले.

आनि दुसरं, मासिकाच्या आठवड्यात जो कोनी दवाखान्यात यून बसल त्यानं घड्या घालायच्या. छापलेले मोठाले कागद बाकड्यावर आसायचे, हात दुखायला का पोट दुखायला, नंबर येईस्तोर दुमडत बसायचं. ताप आलेल्याला तेवढी सूट, कारन घामानं कागद दमट व्हतो म्हनायच्या. एक गडी इंचू चावून आला तरी एका हातानं घड्या घालायला. बाईंनी बघितलं तवा त्या चिडल्या, "अहो, तुम्हाला कुणी सांगितलं?" तो म्हनला, "बाई, समदे घालायलेत म्हनून."

पर ज्या गोष्टीनं मला खरं जाळलं ती म्हंजे काटा.

तपासायच्या खोलीत आड्याला लेकरं तोलायचा काटा टांगलेला व्हता, गोल तबकडीचा, आत स्प्रिंग, खाली आकडा, अन आकड्याला झोळी. दुष्काळात सरकारी दुधाची पावडर यायची, ती ज्या लेकराचं वजन कमी त्यालाच. तेच्यासाठी म्हैन्यातनं एकदा समदी लेकरं त्या झोळीत. आत्या म्हनायच्या, लेकरू तोलू न्हाय, नजर लागती. म्या पदराखाली झाकून न्यायचे. अन लेकरं तोलून झाली की बाई त्याच झोळीत मासिकाचा नवा गठ्ठा घालायच्या. खरंच सांगते. गठ्ठा तोलायच्या, आकडा मोठ्यानं वाचायच्या अन टाळी वाजवायच्या. "वाढलं बघा पोर मागच्या महिन्यापेक्षा." समदे हसायचे, आमचे हे तर लेकीचं बारसं आसल्यावानी हसायचे. अन माझा मिलिंद तिथंच माझ्या काखंत, तेचं वजन हाय तेवढंच. एकाच झोळीत मासिक वाढायलं अन माझं लेकरू वाढंना, म्हनल्यावर म्या काय करावं.

दिवाळीला मोठा अंक निघायचा. तेच्यात बाईंचा सालाचा आढावा आसायचा, म्हंजे मासिकानं सालभरात काय कमावलं अन फुडल्या सालाला कुठं जायचं. अंक आला की बाई तो आढावा दवाखान्यात समद्यांम्होरं वाचायच्या, डॉक्टर, पेशंट, चहावाला, जो आसल त्यो. त्या साली कारखान्याची अन बँकेची जाहिरात मिळालेली, अंक जाडजूड झाला. आढावा झाल्यावर बाई म्हनल्या, सगळे गठ्ठे एकदमच लावा. दोघा गड्यांनी उचलून झोळीत घातले. काटा गरकन फिरला, शेवटच्या आकड्याच्या बी फुडं जाऊन आडला, आडं करकरलं अन झोळी फाटून समदं बाईंच्या पायापाशी. बाई लहान पोरीवानी हसल्या. "बघितलं ना सगळ्यांनी? आता काट्यात मावत नाही माझं पोर."

फुडल्या म्हैन्यात मामींनी जुन्या गोधडीची नवी झोळी शिवून दिली. रिकामी झोळी अडकवली तरी काटा थोडा वरच राहायचा. समद्यांना वाटलं, जाड झोळीचं वजन. बाई पयल्यापासून झोळीचं म्हनून पावशेर वजा करायच्या, तशाच करत राहिल्या. अन मिलिंदचं वजन एकदम वाढलं की. बाईंनी आकडा वाचला, म्या दुसऱ्यांदा वाचायला लावला. त्या म्हनल्या, "आता याला पावडर नको. ज्याला गरज आहे त्याला जाऊ दे." म्या म्हनलं, जाऊ द्या. म्या टँकरच्या रांगंत मामींना सांगितलं, "माझं लेकरू बी वाढायलंय म्हनलं, निस्तं सवतीचंच न्हाय." तेचे पाय मला काडीवानी दिसायचे, पर म्या म्हनायचे, उंच व्हायलाय. काटा खोटं बोलतोय का.

उन्हाळ्यात औरंगाबादचे दोन डॉक्टर जीपनं आले. तेंना मासिक आवडलं, ते म्हनले, आमी घेतो, मोठ्या मशीनवर छापू, समद्या मराठवाड्यात जाईल, दिवाळीचा आढावा बघून पक्कं करू. अन खिळे जुळवायला हाच मानूस पायजे म्हनले, म्हंजे आमचे हे. घरी आले ते चालतच न्हवते, उडायलेले. म्या इचारलं, "अन आमी?" म्हनले, "तिथं खोली एकट्यापुरतीच हाय. तू आईपाशी राहा काही दिस. मंग बघू." मंग बघू. दुष्काळात गावातले किती गडी आसंच मंग बघू म्हनून गेले. आनि ह्यांना तर तिकडं भाकरीची ओढ न्हवती, मासिकाची व्हती. भाकरीला गेलेला मानूस वापस येतो, हे कशाला येतेत.

दिवाळीच्या आदल्या अंकाला कागदच मिळंना. कारखान्याचा हंगाम आलेला, संघानं कागद चिठ्ठ्यांसाठी ठिवला, मासिक निम्म्या पानांचं निघालं. बाईंनी गठ्ठा झोळीत घातला. म्या तिथंच व्हते, मिलिंदला जुलाब व्हायले म्हनून आलेले. काटा आदल्या अंकाच्या निम्म्यावर थांबायचा, तर तो बराच फुडं जाऊन थांबला. बाईंनी टाळीला हात उचलले अन ते तसेच राहिले. गठ्ठा खाली उतरवला. ह्यांना म्हनल्या, "संघाच्या गोदामातून पाच किलोचं वजन आणा. लोखंडी." ते आनलं, झोळीत घातलं. काटा सहाच्या बी वर गेला. बाईंनी झोळी हातात घिऊन जोखल्यावानी केली, मंग काट्याची तबकडी बघितली, अन मंग खाली फरशीवरच बसल्या. दिवाळीच्या गठ्ठ्यानं स्प्रिंग ताणली व्हती. साल व्हत आलं, गावातली लेकरं खोटीच वाढायली व्हती.

मंग त्या उठल्या, माझ्या काखंतनं मिलिंदला घेतलं अन तशाच अनवानी गोदामात गेल्या. म्या मागं पळाले. ज्वारीच्या तराजूत एका पारड्यात माझं लेकरू अन दुसऱ्यात लोखंडी वजनं. हमाल बाजूला झाले. पारडं स्थिर झाल्यावर बाई वजनं परत परत मोजायल्या. मलाच म्हनावं लागलं, "किती हाय बाई, सांगा की." त्या म्हनल्या, "मागच्या दिवाळीआधी होतं तेवढंसुद्धा नाही."

मिलिंदला तेंनी सोताच्या खोलीत ठिवलं. म्या तिथंच भुईवर. बाई चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पानी पाजायच्या, मंग पातळ दूध, मंग खिमट. तेंच्या टेबलावर प्रूफं पडून राहिली, आमचे हे यून दारात हुबे राहायचे अन बाई म्हनायच्या, "आज नाही." मला तवाबी बरं वाटलं, हे बी लिवते. लेकरू मरायला टेकलं, अन मला बरं वाटायलं की मासिक पडून हाय.

तो वाचला. घरी आनला, परत रांगायला लागला, पावडर सुरू झाली समद्याच लेकरांची. अन एक दिवस बाई आमच्या दारात. कधीच कोनाच्या घरी जायच्या न्हाईत त्या. उंबऱ्यावरच बसल्या, हातात प्रूफ.

"पोरी, हे मला आढाव्यात छापायचंय. तुझं लेकरू आहे, म्हणून तुला विचारते."

"काय छापायचं?"

"मी हौसेनं गठ्ठा लावला, काटा बिघडला, लेकरांची वजनं खोटी लागली, दूध बंद झालं. एक लेकरू जाता जाता राहिलं. नाव घालत नाही मी."

म्या इचारलं, "मंग ते औरंगाबादचे?"

"नाही घेणार बहुतेक. असलं मासिक कोण घेईल."

"अन आमचे हे काय म्हनतेत?"

"ते म्हणतात, आढाव्यात नको. पुढं कधीतरी, शेवटच्या पानावर, बारीक ठशात घेऊ."

माझ्या आंगाचा जाळ झाला. मासिकासाठी मोठ्ठं मशीन, अन माझ्या लेकरासाठी शेवटचं पान. म्या म्हनलं, "छापा बाई. अन नाव घाला."

"नाव कशाला? गावभर होईल."

"गावभर कवाच झालंय, मामी हायेत की शेजारला. नाव घाला. ह्यांनी जगातल्या समद्या रोगांची नावं जुळवली, माझ्या लेकराचं एकदाबी न्हाय."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, चष्म्यावरनं. तेंना कळलं म्या का हो म्हनले ते. म्हनल्या, "तुला मासिक बंद पडायला हवंय."

म्हनलं, "व्हय."

"बरं," म्हनल्या. "खरं बोललीस." अन प्रुफावर लाल पेन्सिलीनं नाव लिवलं.

आमचे हे माझ्याशी अंक निघेपस्तोर बोलले न्हाईत. भाकर वाढली की खायाचे अन जायाचे. म्या मनाशी म्हनायचे, न्हाय बोलले तर न्हाय, हितं तर हायेत.

दिवाळीचा अंक आला. जीप बी आली. दवाखाना भरलेला, बाई हुब्यानंच आढावा वाचायल्या. आदी किती गावात अंक जायला लागला ते वाचलं, औरंगाबादच्या डॉक्टरांनी माना हलवल्या. मंग काट्याचं वाचलं, समदं, मिलिंदच्या नावासकट. जीपवाल्यातला एक म्हनला, "बाई, प्रगतीच्या आढाव्यात हे कुणी लिहितं का?"

"मग कुठं लिहू, पावतीबुकात?" म्हनल्या, अन फुडं वाचायला लागल्या. "पुढील वर्षाची दिशा. मासिक काट्याला लावायचं नाही. दर महिन्याला लोखंडी वजन टाकून काटा तपासायचा. आणि ह्या मासिकात लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरनं सालातली आपली एक चूक लिहून पाठवायची."

भूमचे डॉक्टर मागच्या बाकड्यावरनं म्हनले, "एकच?"

लोक हसले. औरंगाबादचे न्हाय हसले. ते चहा न पिता गेले, अन तेंच्याकडनं परत कागद आला न्हाय. मासिक तेवढंच बारीक राहिलं, संघाच्या छापखान्यात, अन आमचे हे कळंबातच राहिले. पर बंद काय पडलं न्हाय. बाई जाईस्तोर निघत व्हतं, आता भूमचे डॉक्टर काढतेत, अन चुकांचं पान पयलं आसतं.

त्या दिवशी लोक पांगल्यावर बाईंनी मला आत बोलावलं. अंक उघडून टेबलावर ठिवला. "वाच."

म्या बोट ठिवून वाचत गेले. मधेच थांबले. समद्या वळी बारीक ठशाच्या, अन मदी एकच नाव काळंभोर, जाड, मथळ्याला वापरतेत तसल्या खिळ्यांचं. मिलिंद. पान्यातनं वर आल्यावानी.

"मी साध्या ठशात घ्या म्हटलं होतं," बाई म्हनल्या. "प्रुफावर खूण केली. परत आलं ते तसंच. परत खूण केली. त्यांनी नाही ऐकलं."

"खिळा चुकून पडला आसल," म्या म्हनलं.

"त्यांचा खिळा चुकत नाही." बाहेर बाकड्यावर आमचे हे मिलिंदला गुडघ्यावर घिऊन बसलेले, तेचं बोट धरून शाईच्या डागावर ठेवायलेले, तो हसायलेला. बाई तिकडं बघत राहिल्या. कशा बघत व्हत्या ते मला कोनी सांगायची गरज न्हवती, म्या कैक संध्याकाळी आमच्या दारातनं तशीच बघितलेली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी खूण मोडली," त्या म्हनल्या, अन चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या.

म्या तो अंक मागितला. बाईंनी दिला, पर हातातनं लवकर सोडला न्हाय.